मुंगसाच्या तावडीतून सुटलेली तलंग

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यात राहतो. दारात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत. परवा भर दुपारी घरामागच्या काजूच्या बागेत मुंगसाने आमची तीन महिन्यांची तलंग (अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी) धरली. माझी नऊ वर्षांची मुलगी ओरडत धावली, म्हणून त्याने तलंगेला टाकले. शेपटीच्या वर, डाव्या बाजूला कातडी फाटून लिंबाच्या फोडीएवढा लाल भाग उघडा पडला आहे, डाव्या पंखाखाली दातांची दोन छिद्रे आहेत आणि डावा पाय ती टेकत नाही. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल लावले. कालपासून जखमेभोवतीची कातडी हिरवी पडली आहे. शेजारी म्हणतात, सडायला लागली, आता कापून टाका. दुसरे एक जण म्हणतात, अळ्या होऊ नयेत म्हणून रॉकेल ओता. दोन दिवसांत तिने दाणा उचललेला नाही. माझ्या दाढदुखीच्या वेळच्या गोळ्या घरात शिल्लक आहेत, त्या चालतील का? मुंगसामुळे रेबीज होतो असे ऐकले आहे, आणि मुलगी तर तिला मांडीवर घेऊन बसते. तिने तलंगेचे नाव चांदणी ठेवले आहे. ती वाचेल का? आणि त्या मुंगसाला विष घालावे का?

उत्तर : तुमचे पत्र वाचले त्याच संध्याकाळी तातडीच्या तीन-चार गोष्टी मी तुम्हाला कळवल्या होत्या, आणि चांदणीने उकडलेल्या अंड्याचा बलक स्वतःच्या चोचीने उचलला हे तुमच्या दुसऱ्या पत्रातून कळल्यावर माझ्या जिवात जीव आला. तरीही सगळे सविस्तर लिहितो आहे, कारण पुढचे तीन आठवडे तुम्हाला त्याची गरज पडेल, आणि दारात कोंबड्या असणाऱ्या कोणत्याही घरावर असा प्रसंग केव्हाही येऊ शकतो.

सर्वांत आधी त्या हिरव्या रंगाविषयी लिहितो, कारण ज्या कोंबड्या सहज वाचल्या असत्या, अशा कितीतरी कोंबड्या केवळ त्या रंगाच्या धास्तीने सुरीखाली गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आपल्याला मुका मार लागला, की तो भाग आधी लाल-जांभळा, मग काळानिळा होतो आणि जाता जाता हिरवट-पिवळा पडतो. कातडीखाली साकळलेल्या रक्तातील लाल द्रव्य फुटून आधी बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य तयार होते, आणि मग आपल्या शरीरातील एक विकर (एन्झाइम) त्याचे पिवळ्या द्रव्यात रूपांतर करते. पक्ष्यांच्या शरीरात हे विकर जवळजवळ नसतेच. त्यामुळे कोंबडीचा मुका मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवागार दिसतो आणि आठवडाभरात हळूहळू विरून जातो. मुंगसाने तिला दातांत धरून झटकले असणार, म्हणून तो हिरवेपणा जखमेच्या कडेपासून मांडीपर्यंत उतरला असेल, तरी त्यात नवल नाही. हा रंग म्हणजे सडण्याची खूण नव्हे, उलट साकळलेले रक्त शरीर आवरू लागल्याची खूण आहे. कातडी सडू लागली, तर ती काळी पडते, हाताला गार आणि चामड्यासारखी कडक लागते आणि तिला वास येतो. म्हणून रोज सकाळी जखम नुसती पाहू नका, तिचा वासही घ्या. चांगल्या जखमेला कच्च्या मांसासारखा सौम्य वास असतो. बिघडलेल्या जखमेचा वास एकदा आला, की तो ओळखायला शिकवावे लागत नाही.

रंगाच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे. कोंबडीचा पू आपल्या पुवासारखा वाहत नाही. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारे विकर नसल्यामुळे तो घट्ट, पिवळसर, पनीरच्या तुकड्यासारखा साठतो. त्यामुळे ‘पू वाहत नाही, म्हणजे जखम स्वच्छ आहे’ असे समजू नये. पंखाखालच्या त्या दोन छिद्रांभोवती पुढच्या आठवड्यात टणक गाठ लागू लागली, तर ती पिळण्याच्या भानगडीत न पडता डॉक्टरांना दाखवा, कारण ती दाबून निघत नाही, उघडूनच काढावी लागते. याउलट, उघड्या जखमेवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारा पातळ, ओलसर, फिकट पिवळा थर हा बहुधा पू नसतो. त्याच्याखाली नवे मांस भरत असते आणि तो खरवडून काढला, तर जखम पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

आता चांदणीच्या मुक्कामाकडे वळू. शिकारी प्राण्याच्या तोंडातून सुटलेला पक्षी पहिल्या दोन दिवसांत जातो, तो बहुतेक वेळा जखमेमुळे नव्हे, तर बसलेल्या धक्क्यामुळे आणि गारठ्यामुळे. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याला फणफणून ताप भरला आहे असे वाटावे, इतकी ऊब तिला एरवीही लागते. पिसे उपटली गेली, रक्त गेले आणि पोटात अन्न नाही, अशा स्थितीत ती ऊब टिकवण्यातच तिची सगळी शक्ती खर्च होते. म्हणून जखमेकडे पाहण्याआधी तिला उबेत, आडोशाला आणि शांततेत ठेवणे हा पहिला उपचार आहे. पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा डालगे घ्या, त्याच्या एका टोकाला ऊब द्या आणि दुसरे टोक तसेच ठेवा, म्हणजे तिला हवे तिकडे सरकता येईल. उबेसाठी जुन्या पद्धतीचा तारेचा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब लागतो. आजकालच्या एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, आणि ही चूक फार घरांत होते. वीज गेली, तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याजवळ ठेवा. ती चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली आणि पंख अंगापासून दूर धरू लागली, तर ऊब जास्त झाली. पिसे फुगवून गोळा होऊन बसली, तर ती कमी पडते आहे.

खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्र पसरू नका. त्यावर पाय घसरतो, आणि आधीच एक पाय अधू असलेल्या पक्ष्याचा दुसराही फाकतो. भाताचे तूस किंवा भुसाही सध्या नको, कारण तो ओल्या जखमेत चिकटतो. दोरे न सुटणारे जुने सुती फडके घालावे आणि ते दिवसातून दोनदा बदलावे. तुमच्या भागात आणखी एका शत्रूची काळजी घ्यावी लागते, ती म्हणजे मुंग्यांची. जखमेच्या वासावर त्या रात्रीतून रांग लावतात, आणि आजारी पक्ष्याला त्यांच्यापासून पळता येत नाही. खोके स्टुलावर ठेवून स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले, तर तो प्रश्न सुटतो. तुमच्या मुलीने रात्री डालग्याशेजारी झोपण्याचा हट्ट धरला आहे, असे तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिले आहे. तिला जरूर झोपू द्या, मात्र तिने चांदणीला सारखे उचलून मांडीवर घेऊ नये. आपला स्पर्श म्हणजे माया, असे आपल्याला वाटते. पण दोन दिवसांपूर्वी कोणाच्या तरी तोंडात सापडलेल्या पक्ष्याला अंगावरची प्रत्येक पकड शिकाऱ्याचीच वाटते, हे तिला समजावून सांगा. ती समंजस मुलगी दिसते, ऐकेल.

तिला उचलायचे असेल, तेव्हा दोन्ही पंख अंगालगत धरून खालून तळहाताचा आधार द्यावा, पण छाती कधीही आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलले, तरच हवा आत-बाहेर होते, त्यामुळे घट्ट धरलेली कोंबडी आपल्या हातातच गुदमरू शकते.

जखम धुण्याविषयी लिहिताना मला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील एक चूक सांगितली पाहिजे, कारण ती तुमच्याकडून होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. रानमांजराने धरलेली एक कोंबडी माझ्याकडे आली होती. तिच्या पंखाखाली खोल छिद्र होते. पुस्तकात शिकल्याप्रमाणे पिचकारीने ते आतून स्वच्छ धुवायला मी सुरुवात केली आणि दोन मिनिटांत ती माझ्या हातात गेली. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या थेट छाती-पोटापर्यंत, इतकेच नव्हे, तर पंखाच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या पोकळीतही पोचलेल्या असतात. त्या छिद्राचे दुसरे टोक अशाच एका पिशवीत उघडत होते, आणि मी जखम धुतो आहे असे समजून तिच्या श्वासाच्या वाटेत पाणी भरत होतो. तेव्हापासून छाती, पाठ, कूस आणि पंखाखालच्या कोणत्याही खोल छिद्रात मी पिचकारी घातलेली नाही.

त्यामुळे चांदणीच्या दोन जखमांना दोन वेगळ्या रीती लागतील. शेपटीजवळची उघडी जखम भरपूर धुवा. एक लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या, त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा, विरघळवा आणि सुई काढलेल्या २० मिलिलिटरच्या सिरिंजने हलकी धार धरून माती, पिसांचे तुकडे आणि हळदीची खपली भिजवून सोडवा. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनचे द्रावण फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ करून एकदा फिरवा. पंखाखालची छिद्रे मात्र त्याच पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने फक्त वरून पुसा. श्वासागणिक तिथे बुडबुडे येतात का, ते पाहा. तिच्या पाठीची किंवा मानेजवळची कातडी फुग्यासारखी फुगली आणि बोटाने दाबल्यावर चुरचुरल्यासारखी लागली, तर आतल्या पिशवीतून हवा कातडीखाली येते आहे असे समजावे. थोडी फूग बहुतेकदा आपोआप जिरते, ती वाढत गेली, तर दवाखाना गाठावा. जखमेभोवतीची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने कापा, उपटू नका. कोवळ्या वाढत्या पिसांच्या मुळात रक्त असते, आणि एवढ्याशा जिवाला थेंबाथेंबाचा हिशेब असतो. ८०० ग्रॅम वजनाच्या तलंगेच्या अंगात सगळे मिळून साधारण ६० मिलिलिटर रक्त असते, चहाच्या छोट्या कपात मावेल एवढेच.

शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला, बोंडासारखा एक लहान उंचवटा तुम्हाला दिसेल. ती तेलाची ग्रंथी आहे, कोंबडी चोचीने तिथलेच तेल घेऊन पिसांना लावते. गळू समजून लोक ती पिळतात, तसे करू नका. ती शाबूत असेल, तर पुढे पिसे चांगली राहतील.

सासूबाईंनी हळद लावली ती मायेने, आणि हळदीत जंतूंना अटकाव करणारा गुण आहे, हेही खरे आहे. वरवरच्या ओरखड्यावर ती लावली, तर बिघडत नाही. मात्र खोल जखमेत भरलेली स्वयंपाकघरातील पूड रक्ताशी मिसळून कडक पापुद्रा धरते, बाहेरून जखम सुकलेली दिसते आणि पापुद्र्याखाली आत काय चालले आहे ते कळत नाही. खोबरेल तेलाने पिसे चिकटतात, आणि चिकटलेल्या पिसांत हवा धरली जात नसल्याने ऊब निघून जाते, म्हणून तेही बंद करा. त्याऐवजी धुऊन झाल्यावर साध्या पोव्हिडोन आयोडीन मलमाचा पातळ हात पुरेसा आहे. माणसांच्या काही मलमांत दुखणे थांबवण्यासाठी भूल देणारे औषध मिसळलेले असते आणि पक्ष्यांना ते फार लवकर बाधते, तेव्हा तसे मलम वापरू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते खरे, पण रोजच्या वापराने ते नव्याने भरणारे मांसही जाळते. आणि रॉकेल, फिनाईल, डांबराच्या गोळ्या यांपैकी काहीही जखमेच्या आसपास नेऊ नका. त्याने अळ्या मरण्याआधी कोंबडीची कातडी भाजते, आणि चोचीने अंग साफ करताना ते विष तिच्या पोटातही जाते.

अळ्यांची भीती मात्र खरी आहे आणि ती मी कमी लेखत नाही. माशी जखमेवर बसली, की पांढऱ्या तांदळाच्या कणीसारखी अंडी घालते, आणि दमट उष्ण हवेत त्यांतून एका दिवसाच्या आत अळी बाहेर पडते. म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधा, आणि सकाळ-संध्याकाळ जखमेसोबत शेपटीखालचा भागही उजेडात पाहा. विष्ठेने माखलेल्या पिसांवर माशी आधी बसते, तेव्हा तो भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा ठेवावा. अळ्या दिसल्याच, तर मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढा आणि चार-सहा तासांनी पुन्हा पाहा, कारण पहिल्या खेपेला सगळ्या कधीच निघत नाहीत. गुरांच्या जखमेवर मारायचे फवारे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पक्ष्यावर मारू नका. त्यांतील काही औषधे पक्ष्याच्या जिवावर बेततात.

तुमच्या दाढदुखीच्या गोळ्यांचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. त्यांत डायक्लोफेनॅक असण्याचा संभव मोठा आहे. हेच औषध दिलेल्या गुरांचे मांस खाऊन आपल्या देशातील गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली आणि आकाशातून जवळजवळ नाहीशी झाली, आणि म्हणूनच २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. कोंबडी गिधाडाइतकी नाजूक नसली, तरी तिच्याही मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकते. उरलेले प्रतिजैविक असेल, तर तेही नको. ५० किलोच्या माणसासाठी बनवलेल्या कॅप्सूलमधून ८०० ग्रॅमच्या पक्ष्याची मात्रा अंदाजाने काढता येत नाही. तरीही प्रतिजैविक लागेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण मांसाहारी प्राण्याच्या दाताने केलेले छिद्र बाहेरून टाचणीएवढे दिसले, तरी जंतू त्याने खोलवर पेरलेले असतात. म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिला न्या, किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करा. तिचे वजन स्वयंपाकघरातील काट्यावर आधी करून ठेवा आणि ते डॉक्टरांना सांगा, म्हणजे प्रतिजैविक आणि पक्ष्यांना चालणारे वेदनाशामक या दोन्हींची मात्रा त्यांना नेमकी ठरवता येईल. ठरलेले दिवस पूर्ण करा. ती खाऊ लागली म्हणून तिसऱ्या दिवशी औषध थांबवू नका. त्या काळात, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, अशा कोंबडीचे अंडे किंवा मांस खायचे नसते. चांदणी अजून अंड्यावर आलेली नाही, त्यामुळे तुमच्यापुढे तो प्रश्न नाही.

दवाखान्यात शेपटीजवळची जखम शिवतील, असे गृहीत धरू नका. ताजी, स्वच्छ फाटलेली कातडी पहिल्या काही तासांत शिवता येते, पण दोन दिवसांची चावलेली जखम टाके घालून बंद केली, तर घाण आत कोंडली जाते. उघडी जखम पाहून जीव घाबरतो हे मला समजते, परंतु कोंबडीच्या कातडीची भरून येण्याची ताकद विलक्षण असते. ओलसर आणि स्वच्छ ठेवलेला लिंबाच्या फोडीएवढा भाग दोन ते तीन आठवड्यांत कडेकडेने आत ओढला जाऊन बंद होताना मी अनेकदा पाहिला आहे.

खाण्याआधी पाणी, हा क्रम पाळा. गारठलेल्या, कोरड्या पडलेल्या पक्ष्याच्या घशात घास कोंबला, तर तो गळ्याच्या पायथ्याशी उजवीकडे असलेल्या अन्नाच्या पिशवीत तसाच पडून आंबतो. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, किंवा दुकानातील ओआरएस, पहिला दिवसभर द्यावे, आणि नंतर साधे पाणी ठेवावे. चोच उघडून पाणी ओतू नका, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. चोचीच्या कडेला थेंब लावला, की ती स्वतः गिळते, पुन्हा थेंब लावायचा. तिच्या वजनाला दिवसभरात निदान ४० ते ५० मिलिलिटर पाणी पोटात गेले पाहिजे. विष्ठा हिरवी दिसली, तर घाबरू नका. उपाशी पोटी नुसते पित्त बाहेर पडते, आणि तेही त्याच हिरव्या द्रव्याचे असते. खाणे सुरू झाले, की रंग बदलेल.

तिने बलक उचलला आहे, तेव्हा आता ओलसर केलेले कोंबडीखाद्य, मऊ शिजवलेली डाळ, तांदळाची कणी आणि रोज अर्धे उकडलेले अंडे द्या. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे उपटलेली पिसे परत यायची, तर प्रथिने लागणारच. तुमच्याकडे सुका जवळा घरात असतोच आणि कोंबड्या त्याच्यावर तुटून पडतात, पण त्यातील मीठ त्यांना सोसत नाही. तो दोन-तीन पाण्यांत भिजवून, पिळून मगच द्यावा, आणि तोही चिमूटभर. रोज सकाळी तिचे वजन करून मुलीला वहीत लिहायला सांगा. डोळ्यांना फरक दिसण्याच्या दोन दिवस आधी तो आकड्यांत दिसतो.

पायाविषयी मी सावधपणे आशावादी आहे. तळपायाला बोट लावल्यावर ती बोटे मिटते आणि पाय हाताला उबदार लागतो, असे तुम्ही दुसऱ्या पत्रात लिहिले आहे, म्हणजे त्या पायाची नस शाबूत आहे. हाड मोडले असेल, तर मांडीवर किंवा नळीवर सूज आणि वेडावाकडा कोन दिसेल, आणि काडीचा आधार देऊन तो पाय बांधायचा की नाही, ते डॉक्टर ठरवतील. पक्ष्याचे हाड तीनेक आठवड्यांत जुळते, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच ते नीट बसवलेले असणे महत्त्वाचे ठरते. हाड धड असेल, तर मुक्या माराने दबलेली नस एक-दोन आठवड्यांत जागी होते. तोवर सतत एकाच कुशीवर बसून छातीला फोड येऊ नयेत, म्हणून जाड फडक्याला पायांसाठी दोन छिद्रे पाडून ते खोक्यावर झोळीसारखे बांधा, आणि रोज दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे तिला त्यात असे ठेवा, की पाय तळाला जेमतेम टेकतील.

ती पुढे अंडी देईल का, असे तुम्ही दुसऱ्या पत्रात विचारले आहे. कोंबडीत अंडाशय आणि अंडनलिका फक्त डाव्या बाजूचीच वाढते, आणि तिची जखमही डावीकडेच आहे, हे खरे. पण जखम कातडी आणि वरच्या मांसापुरती दिसते. ती नीट विष्ठा टाकते आहे, पोट फुगलेले नाही, तेव्हा सहा महिन्यांच्या सुमारास ती इतर गावठी तलंगांसारखी अंड्यावर न येण्याचे कारण मला दिसत नाही.

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, चांदणीपासून मुलीला तो होण्याची भीती बाळगू नका. मात्र मुंगूस हा रेबीज होऊ शकणारा प्राणी आहे. त्या धावपळीत मुलीला किंवा तुम्हाला त्याचा दात-नख लागले असेल, किंवा हातावर ताजी जखम असताना त्याची ओली लाळ लागलेली पिसे हाताळली असतील, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे हात धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हे सांगणे आवश्यक होते. अजून सांगितले नसेल, तर आज जा. या एका बाबतीत उद्यावर काहीही ढकलू नका. चांदणीला हाताळल्यानंतर प्रत्येक वेळी हात धुण्याची सवय मुलीला एरवीही लावावी.

आशा सोडावी अशीही एक वेळ असते, आणि तीही मी सांगायलाच हवी. पोट फाटून आतडे बाहेर आलेले असेल, दोन्ही पाय पूर्ण लुळे पडून बोटांना संवेदना नसेल, किंवा ऊब, पाणी आणि औषध देऊनही तीन दिवसांनंतर पक्षी मान टाकून, चोच उघडी ठेवून श्वास ओढत असेल, तर डॉक्टरांकडून त्याचा शेवट शांतपणे करवून घेणे हीच दया ठरते. चांदणीच्या बाबतीत यांपैकी एकही गोष्ट तुमच्या पत्रांत नाही. कापून रस्सा करण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, चावलेल्या, जंतू शिरलेल्या पक्ष्याचे मांस ताटात घेण्याजोगे नसते.

मुंगसाला विष घालू नका, सापळाही लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, शिवाय विषाचा गोळा आधी तुमचे मांजर, शेजाऱ्याचा कुत्रा किंवा दारातली दुसरी कोंबडी खाईल. बागेतले उंदीर, घुशी आणि साप हाच प्राणी आटोक्यात ठेवतो. त्याला दुपारी मोकळी तलंग मिळाली, इतकेच घडले आहे, पण वाट कळल्यामुळे तो पुन्हा येणार, हेही नक्की. निदान महिनाभर कोंबड्या घरात माणूस जागे असताना आणि उघड्या अंगणातच सोडा, काजूखालचे वाढलेले गवत घरापासून काही अंतरापर्यंत साफ करा. खुराड्याला षटकोनी छिद्रांची पातळ जाळी असेल, तर ती बदलून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी बसवा आणि ती जमिनीखाली फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून पुरा, किंवा चारही बाजूंनी जांभ्याचे चिरे बसवा, कारण मुंगूस उकरून आत शिरतो. दाराला नुसती खिट्टी न ठेवता कडी लावा, कारण रात्री उदमांजरही त्याच वाटेने येते.

चांदणीला बाकीच्यांत सोडण्याची घाई मात्र करू नका. कोंबड्यांना लाल रंगाची ओढ अशी, की उघडी जखम दिसली, तर तिच्या सख्ख्या बहिणीही टोचून टोचून तिचा जीव घेतील. त्याच वेळी ती महिनाभर पूर्ण नजरेआड राहिली, तर कळपातील तिची जागा जाते आणि परतल्यावर तिला परकी समजून मारतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून, उन्हे कोवळी असताना, तिचे डालगे अंगणात इतरांच्या मध्ये ठेवा, म्हणजे ती त्यांना दिसेल, पण त्यांची चोच तिच्यापर्यंत पोचणार नाही. मातीत लोळण्याची तिची धडपड सुरू होईल, पण कातडी पूर्ण मिटेपर्यंत ते करू देऊ नका. जखमेवर कोवळ्या पिसांचे खुंट दिसू लागले, पाय टेकून ती भरभर चालू लागली आणि वहीतले वजन हल्ल्याआधीच्या अंदाजापर्यंत आले, की एका संध्याकाळी अंधार पडल्यावर तिला खुराड्यात इतरांच्या शेजारी दांडीवर बसवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर तिथे थांबून पाहा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) आठव्या आठवड्यातील लस तिला दिली होती की नाही, ते तुमच्या पत्रातून कळत नाही. दिली नसेल, तर औषधाचा कोर्स संपून ती नीट खाऊ लागल्यावर आणखी आठवडाभर थांबा आणि मग सगळ्या कळपासोबत टोचून घ्या.